मार्लवाईची गोंडी शाळा

1943 साली हैदराबाद संस्थानात सरकारी शिक्षणाची भाषा उर्दू होती. त्याच साली आदिलाबाद जिल्ह्याच्या डोंगराळ भागातल्या मार्लवाई या गोंडांच्या गावात शिक्षक तयार करणारे एक केंद्र सुरू झाले आणि तिथले पहिले पुस्तक गोंडी भाषेत, देवनागरी लिपीत होते. आधी गोंडीतून वाचायला शिकायचे, मग राज्याच्या भाषेकडे वळायचे, असा क्रम. मातृभाषेतून आरंभ करण्याच्या गोष्टी आज आपण फार करतो. मार्लवाईत ते ऐंशी वर्षांपूर्वी प्रत्यक्ष होत होते, हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हवे.

केंद्र उभे राहण्यामागे रक्त सांडलेले होते. जंगल आणि जमिनीच्या हक्कासाठी लढणारा कुमरम भीम 1940 साली जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. गोंड का उठले, याचा शोध घेण्याची गरज सरकारला त्यानंतर भासली. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ आणि त्यांच्या पत्नी बेट्टी मार्लवाईत येऊन राहिले ते या काळात. जमिनीचे पट्टे आणि शाळा ही दोन्ही कामे त्यांनी बरोबरच धरली. ज्याची जमीन कागदावर दुसऱ्याच्या नावाने चढते, त्याला तो कागद वाचता आला पाहिजे, इतका साधा आणि निकडीचा तो विचार होता.

पण गोंडीतून शिकवणार कोण? शाळेत गेलेले गोंड शोधूनही सापडत नव्हते. तेव्हा थोडेफार अक्षर ओळखणारे प्रौढ गोंडच गोळा केले गेले आणि त्यांनाच शिक्षक म्हणून घडवले. देवनागरीची निवड मला फार शहाणपणाची वाटते. या भागातल्या गोंडांचे सोयरेधायरे चांदा, यवतमाळकडे पसरलेले. बाजारहाटात मराठी सर्रास चालायची. या लिपीमुळे पोराला घरची बोली वाचता आली आणि मराठीचे दारही किलकिले झाले.

या केंद्रात विद्वत्ता नेमकी कोणाची, असा प्रश्न विचारला तर उत्तर एका माणसाच्या नावावर थांबत नाही. हायमेनडॉर्फ यांचा ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा ग्रंथ 1948 साली आला. त्यात गोंडांच्या ‘सगा’ व्यवस्थेची जी उकल आहे, ती गावकऱ्यांनी आणि गोंडांची पुराणे गाणाऱ्या परधान समाजाने त्यांना समजावून दिलेली. येरवेन, सारवेन, सिवेन, नालवेन म्हणजे सात, सहा, पाच आणि चार देवांचे वंशगट. एकाच सगात लग्न होत नाही. कोणता सगा कोणत्या पूर्वजांपासून निघाला, देव कुठे हरवले आणि कुठे सापडले, ही सगळी पुराणे परधान कीकरी हे तंतुवाद्य वाजवून रात्र-रात्र गातात. आदिलाबादच्या बहुतेक परधानांच्या घरात मराठी बोलली जाते, पण यजमान गोंडाच्या अंगणात बसले की गाणे गोंडीतून येते. घरच्या भाषेपलीकडच्या भाषेतले एवढे मोठे वाङ्मय पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ राखणे याला मी पांडित्यच म्हणेन. विद्यापीठाने त्याला पदवी दिली नाही, एवढेच.

दुसरे नाव आपल्या अगदी जवळचे, सेतुमाधवराव पगडी यांचे. शिवकालाचे इतिहासकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. निलंग्यात 1910 साली जन्मलेला हा माणूस हैदराबादच्या मुलकी सेवेत होता आणि आदिलाबादच्या गोंड-कोलामांमध्ये काम करताना त्यांच्या भाषा शिकला. गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणे त्यांनी इंग्रजीत लिहिली. गोंडांवरही एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. अंमलदार म्हणून येणे, तक्रारी ऐकणे आणि ऐकता ऐकता क्रियापदांची रूपे टिपून ठेवणे, हे सगळ्यांना जमत नाही. गोंडी द्राविड कुळातली, मराठी आर्य कुळातली. तरी मराठी माणसाला एक फायदा असतो. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ हा भेद गोंडीतही आहे. हिंदीभाषकाला जिथे अडखळायला होते, तिथे मराठीभाषक सहज पुढे जातो.

मग हे सगळे गेले कुठे? हैदराबाद संस्थान संपले, आणि 1956 साली भाषावार प्रांतरचनेत आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला, तर किनवट आणि राजुरा हे तालुके आपल्याकडे आले. एकाच बोलीची पोरे एका बाजूला तेलुगू आणि दुसऱ्या बाजूला मराठी शाळेत बसली. गोंडी पुस्तके मागे पडली. सीमा आखणाऱ्यांनी तेलुगू आणि मराठी मोजली, गोंडी मोजलीच नाही. याचे दुःख वाटल्यावाचून राहत नाही.

तरी धागा तुटला नाही. नारनूर मंडलातल्या गुंजाळा गावात गोंडीची स्वतःची लिपी असलेली जुनी हस्तलिखिते या शतकाच्या पहिल्या दशकात अभ्यासकांच्या नजरेस आली. ती वाचू शकणारे मोजके वृद्ध गावात होते. जयधीर तिरुमल राव आणि हैदराबाद विद्यापीठातल्या अभ्यासकांनी त्यांच्याजवळ बसून अक्षरे समजून घेतली. 2018 साली युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत ‘गुंजाळा गोंडी’ दाखल झाली. या लिपीची व्यंजने ‘क’पासून सुरू होत नाहीत. य, व, ब, भ, म, मग क, ख, त, थ, ल, ग, घ असा तिचा स्वतःचा क्रम आहे आणि संगणकाच्या तक्त्यातही तो तसाच ठेवला आहे. देवनागरीच्या साच्यात अक्षरे कोंबण्याचा मोह टाळला, याचे श्रेय त्या गावाला आणि या अभ्यासकांना द्यायलाच हवे.

मार्लवाई आज कुमरम भीम आसिफाबाद या नव्या जिल्ह्यात येते. बेट्टी यांचे 1987 साली निधन झाले. त्यांची समाधी याच गावात आहे आणि दर 11 जानेवारीला लोक तिथे जमतात. याच गावच्या कनक राजू यांना गुस्साडी नृत्यासाठी 2021 साली पद्मश्री मिळाली. मोरपिसांचा भारी मुकुट डोक्यावर तोलत पावले कशी टाकायची, हे त्यांनी मुलांना वर्षानुवर्षे शिकवले. शिक्षक तयार करण्याचा या गावाचा वसा तोही.

हायमेनडॉर्फ यांच्या फिती आणि छायाचित्रे लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत जपून ठेवली आहेत. किनवट, राजुरा आणि उटनूरच्या महाविद्यालयांत आज गोंडी आणि कोलामी घरांतली मुले-मुली शिकतात. पगडींची व्याकरणे हाती घेऊन आपल्या आजीच्या बोलण्याशी ताडून पाहणे, कुठली रूपे टिकली, कुठली मराठी-तेलुगूने बदलली ते नोंदवणे, आजोबांच्या तोंडची सगाकथा ध्वनिमुद्रित करून गोंडीत उतरवणे: पदवीच्या प्रकल्पाला याहून चांगले विषय मला सुचत नाहीत. त्यासाठी लागणारा मुख्य ग्रंथ त्यांच्या घरीच, चुलीपाशी बसलेला आहे.