रस्त्याच्या कडेची पट्टी

रस्ता रुंद करावयाचा म्हटले की पहिला घाव झाडांवर पडतो आणि दुसरा सायकलच्या पट्टीवर. आमच्या भोपाळ शहरात झाडांसाठी लोक मोठ्या संख्येने उभे राहिले. पट्टीसाठी तशी गर्दी जमली नाही. असे का व्हावे, याचा विचार करण्याजोगा आहे.

२०१३ साली मिसरोदपासून बैरागढपर्यंत सुमारे २४ किलोमीटर लांबीचा, केवळ बसगाड्यांसाठी राखलेला मार्ग येथे सुरू झाला. जुन्या होशंगाबाद रस्त्यावर त्याच्या कडेने सायकलींसाठी निराळी वाट आखली होती. जून २०१७ मध्ये तेथे भाड्याच्या ५०० सायकली आल्या. एका ठाण्यावर सायकल घ्यावी, दुसऱ्यावर ठेवून द्यावी, अशी ती सोय होती आणि तिचे कौतुकही पुष्कळ झाले. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने बसमार्ग काढण्याचे ठरविले व जानेवारी २०२४ मध्ये बैरागढच्या बाजूने कठडे उपटण्यास प्रारंभ झाला. बसमार्गाविषयी लोकांच्या तक्रारी होत्या. तो गेल्याचे अनेकांना समाधानच वाटले. सायकलची वाट मात्र पुष्कळ ठिकाणी त्यापूर्वीच उभ्या मोटारींनी आणि हातगाड्यांनी गिळली होती. तिच्यासाठी हुकूमही काढावा लागला नाही.

या पट्टीचे महत्त्व पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातूनच कळते. गतिमान वस्तूची ऊर्जा तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार ५० च्या वेगाने जाऊ लागली, तर तिच्या धडकेतील ऊर्जा पावणेतीन पटींहून अधिक होते. सायकलस्वाराभोवती ना पत्रा, ना काच. त्याचे संरक्षण म्हणजे मधला कठडा आणि थोडे अंतर. शिवाय एका मोटारीच्या जागेत दहा सायकली सहज उभ्या राहतात. तेव्हा रस्त्याची जागा कोण अडवितो, हा प्रश्न सायकलवाल्यास विचारणे जरा गमतीचेच आहे.

‘पट्टी रिकामी दिसते’, हा यावरील नेहमीचा आक्षेप. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ साली सुमारे १३ किलोमीटरचा सायकलमार्ग बांधला गेला. तोही पुढे मोटारी उभ्या करण्याची जागा बनला, आणि अखेर तो काढून मोटारींची एक रांग वाढविण्याचे ठरले. सायकलप्रेमी नागरिकांनी यास हरकत घेतली. आम्हांस ही हरकत रास्त वाटते. अर्ध्यातच तुटणाऱ्या पुलावरून कोणी जात नाही, म्हणून नदी ओलांडण्याची कोणास गरजच नाही असे ठरत नाही.

कॅनडातील टोरांटो शहरात हा वाद न्यायालयापर्यंत गेला. ऑन्टारिओ प्रांताने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा करून तेथील तीन मोठ्या रस्त्यांवरील सायकलमार्ग काढण्याचा अधिकार घेतला. सायकलस्वारांच्या संस्थेने त्याविरुद्ध दाद मागितली. मार्ग काढल्याने वाहनांची कोंडी सुटेल यास आधार नाही, उलट लोकांच्या जिवास धोका वाढेल, असे पुराव्यावरून दिसल्याने जुलै २०२५ मध्ये न्यायाधीशांनी कायद्याचा तो भाग घटनाबाह्य ठरविला. सरकारने त्यावर अपील केले. हॉलंडची आजची सायकलींची कीर्तीही आपोआप लाभलेली नाही. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यावर तीन हजारांहून अधिक माणसे मेली व त्यांत चारशेंहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले.

आता भोपाळकडे वळू. जून २०२४ मध्ये शिवाजीनगर व तुळशीनगर येथील हजारो झाडे तोडून मंत्री व आमदारांची निवासस्थाने उभारण्याचा बेत पुढे आला. रहिवासी घराबाहेर पडले, स्त्रियांनी झाडांना रक्षासूत्रे बांधली, आणि थोड्याच दिवसांत सरकारला तो बेत सोडावा लागला. ही झाडे त्यांच्या दाराशी होती. त्यांची सावली सर्वांच्या ओळखीची होती. सायकलच्या पट्टीला असे शेजारी नसतात. तिचा खरा धनी पहाटे दूध वा वर्तमानपत्रे घेऊन निघतो, किंवा डबा अडकवून कामावर जातो. अर्ज लिहिण्याच्या वेळी तो कामावर असतो. सभा भरते तेव्हा तो थकून घरी परतत असतो. मोटारींची मोजदाद होते, त्याची क्वचितच होते.

हे काम विद्यार्थ्यांना करता येईल. सकाळी सहा ते आठ या वेळात चौघांनी वडीलधाऱ्यांसह एखाद्या चौकात, पदपथावर सुरक्षित जागी उभे राहावे आणि जाणाऱ्या सायकली मोजाव्यात. कोणती कामावरची, कोणती शाळेची, कोणती व्यायामाची, हे निरनिराळे लिहावे. पावसाळ्यात एकदा व हिवाळ्यात एकदा अशी मोजणी झाली, तर तो कागद महानगरपालिकेकडे अर्जासोबत जोडता येईल.