अपंगांचीं साधनें आणि कुटुंबाचें कर्तव्य

संस्कृत व्याकरणांत पाणिनींनीं एक लहानसा नियम सांगितला आहे. ज्या अवयवाच्या विकारामुळें मनुष्यास व्यंग आलें असेल, त्या अवयवाच्या नांवास तृतीया विभक्ति लावावी, असा तो नियम. आपल्या मराठींतहि ही रचना तशीच उतरली आहे. 'पायानें लंगडा', 'डोळ्यानें अंध', 'कानानें बहिरा' असें आपण सहज बोलतों. वर्गांत हा नियम पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांस तो परीक्षेपुरता वाटे. पण नीट पाहिलें तर भाषेनें यांत मोठा विवेक सांगितला आहे. तृतीयेंत जातो तो पाय. मनुष्य स्वतः प्रथमेंतच राहतो. तो कर्ता आहे, आणि त्याचें कर्तेपण कोणी काढून घेतलेलें नाहीं.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडळांत, ११६ व्या सूक्तांत, विश्पलेचा उल्लेख येतो. सायणाचार्यांच्या भाष्याप्रमाणें खेल नांवाच्या राजाच्या संबंधांतील ही स्त्री युद्धांत पाय गमावून बसली, आणि अश्विनीकुमारांनीं तिला लोखंडी पाय बसवून दिला. तिच्या पूर्वजन्मींच्या पापाची चौकशी तेथें कोणी केलेली नाहीं. पाय गेला, म्हणून पाय दिला, इतकेंच. आपल्या घरांत मात्र अशा प्रसंगीं प्रथम प्रारब्धाची चर्चा होते. मूल अधू असेल तर त्याच्या बहिणीचें लग्न अडेल या भीतीनें पाहुण्यांच्या वेळीं त्यास आंतल्या खोलींत बसविलें जातें. सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांतूनहि हें आम्हीं पाहिलेलें आहे.

२०११ च्या जनगणनेंत या देशांत २ कोटि ६८ लक्ष अपंग व्यक्तींची नोंद झाली. पोलिओ या देशांतून गेल्याचें २०१४ मध्यें जाहीर झालें. परंतु अर्धांगवायु, मधुमेह, रस्त्यावरील अपघात आणि वाढलेलें आयुर्मान यांमुळें उद्यां कोणत्या घरांत चाकाची खुर्ची येईल हें सांगतां येत नाहीं. म्हणून एकच गोष्ट आम्ही वाचकांच्या मनावर बिंबवूं इच्छितों. साधन हें औषधासारखें आहे. तें त्या मनुष्याच्या मापाचें असलें पाहिजे, आणि घरानें त्यास वाट करून दिली पाहिजे. या दोहोंपैकीं एक जरी चुकलें तरी पैसा आणि उमेद दोन्ही वायां जातात, आणि कित्येकदां प्रकृतीसहि अपाय होतो.

प्रथम साध्या काठीचा विचार करूं. आजोबांस काठी हवी झाली कीं कोणीतरी यात्रेहून सुंदर मुठीची काठी आणतो, आणि आजोबा ती दुखऱ्या पायाच्या बाजूस धरून चालूं लागतात. वस्तुतः काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूच्या हातांत धरावयाची असते. तो पाय आणि ती काठी एकाच वेळीं पुढें टाकिलीं म्हणजे भार दोघांत वांटला जातो. हात सरळ खालीं सोडला असतां मनगटाची घडी जेथें येते तेथें काठीची मूठ यावी. याहून उंच काठीनें खांदा उचलला जातो व बुटक्या काठीनें पाठ वांकते. टोंकाचें रबर गुळगुळीत झालें कीं तें बदलावें, नाहीं तर ओल्या फरशीवर घात होतो. कुबड्यांसहि माप आहे. काख आणि कुबडीची गादी यांत दोन-तीन बोटांचें अंतर राहिलें पाहिजे, आणि भार हातांवर घेतला पाहिजे. भार काखेवर दिल्यास तेथील नसा दबतात, आणि पायाच्या दुखण्यांत हाताच्या दुखण्याची भर पडते.

चाकाच्या खुर्चीची गोष्ट याहून नाजूक आहे. रुग्णालयांत दिसणारी रुंद खुर्ची रोग्यास एका खोलींतून दुसऱ्या खोलींत नेण्यापुरती असते. दिवसभर बसण्यासाठीं ती केलेली नसते. नित्याच्या खुर्चीची बैठक कमरेच्या रुंदीहून एखाद-दुसरा इंचच अधिक असावी. बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटें जागा राहावी, आणि पाय ठेवण्याच्या पट्ट्या अशा उंचीवर असाव्या कीं मांडी सपाट टेकेल. फार रुंद खुर्चींत मनुष्य एका बाजूस कलतो. तो वाढत्या वयाचा असल्यास कण्यासहि तसेंच वळण लागण्याचा धोका असतो. 'पोरगा वाढतो आहे, मोठीच घ्या' हा कपड्यांचा हिशेब खुर्चीस लावूं नये.

ज्याच्या कमरेखालील संवेदना गेली आहे त्याच्या खुर्चीवरील गादी ही चैनीची वस्तु नव्हे. आपण बसल्या जागीं नकळत चुळबुळ करतों, कारण दुखूं लागलेली कातडी आपणांस सूचना देते. संवेदना नसलेल्यास ही सूचना मिळत नाहीं. एकाच जागीं दाब राहून तेथें रक्त पोंचत नाहीं, आणि कांहीं तासांत व्रणाची सुरुवात होते. असा व्रण हाडापर्यंत जाऊं शकतो, भरण्यास महिने घेतो, आणि प्रसंगीं जीवावर बेततो. यासाठीं दर पंधरा ते तीस मिनिटांनीं हातांवर जोर देऊन अंग उचलावें किंवा पुढें झुकावें. रोज रात्रीं बैठकीची कातडी पाहावी. बोटानें दाबूनहि लाली जात नसेल तर ती जाईपर्यंत त्या जागेवर भार देऊं नये, आणि डॉक्टरांस दाखवावें. पांच मिनिटांच्या या पाहणीनें पुढील कित्येक महिन्यांचें अंथरूण टळतें.

साधन योग्य मिळालें तरी घर आडवें येतें. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत अर्धांगवायूनें अधू झालेल्या मातुःश्रींसाठीं मुलांनीं भारी किंमतीची खुर्ची आणविली. ती न्हाणीघराच्या दारांतून जाईना. चार महिन्यांनीं त्या खुर्चीवर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या दिसूं लागल्या, आणि मातुःश्री बिछान्यास खिळल्या. मुलांच्या मातृभक्तींत कांहीं उणें नव्हतें. दार मोजण्याचें तेवढें राहून गेलें होतें. खुर्ची घेण्यापूर्वीं घरांतील प्रत्येक दाराची मोकळी रुंदी मोजावी, आणि नवें घर बांधणाऱ्यानें ती ९० सेंटिमीटर ठेवावी. पायरीच्या जागीं उतार करावयाचा तर एक इंच उंचीस बारा इंच लांबी हें प्रमाण लक्षांत ठेवावें. म्हणजे सहा इंचांच्या पायरीस सहा फूट उतार हवा. घाईनें टाकलेली उभी फळी बसणाऱ्यास आणि ढकलणाऱ्यास सारखीच धोक्याची. उंबरठ्यास आपण मान देतों तो योग्यच आहे. पण देवघरापर्यंत आजीची खुर्ची जावी म्हणून त्यावर दोन्हीकडून लहानसा लांकडी उतार बसविल्यानें कोणतीहि देवता रुष्ट होणार नाहीं. न्हाणीघरांत भिंतींत पक्क्या रोवलेल्या दांड्या असाव्या. टॉवेलाची दांडी मनुष्याच्या भारासाठीं नसते. ऐन वेळीं ती भिंतींतून उपटून येते.

कानांच्या बाबतींत सर्वांत मोठा शत्रु म्हणजे विलंब. 'याचे वडीलहि उशिराच बोलले' असें म्हणून घरचीं वडील मंडळी धीर देतात, आणि भाषा शिकण्याचा अमोल काळ निघून जातो. जन्मानंतर एका महिन्याच्या आंत श्रवणाची चांचणी, तीन महिन्यांच्या आंत निदान, आणि सहा महिन्यांच्या आंत उपाय, असा क्रम तज्ज्ञांनीं घालून दिला आहे. वृद्धांची अडचण निराळी. श्रवणयंत्र लावलें कीं आरंभीं भांड्यांचा खणखणाट आणि पंख्याची घरघर असह्य वाटते, आणि यंत्र डबींत जातें. यंत्रानें आवाज वाढतो, परंतु गोंगाटांतून हवें तें निवडणें मेंदूस पुन्हां शिकावें लागतें. म्हणून पहिले कांहीं दिवस शांत खोलींत, एका मनुष्याशीं बोलतांना, थोडा वेळ यंत्र लावावें व वेळ हळूहळू वाढवावा. आपणहि ओरडूं नये. समोर येऊन, तोंड दिसेल असें, सावकाश बोलावें.

अंधांसाठीं लुई ब्रेलनें १८२९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ठिपक्यांच्या लिपीचें महत्त्व आजहि कमी झालेलें नाहीं. तिच्या जोडीस आतां बोलणारीं यंत्रें आलीं आहेत. एनव्हीडीए नांवाची संगणकावरील मजकूर वाचून दाखविणारी प्रणाली दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनीं उभारली, आणि ती कोणासहि विनामूल्य मिळते. साध्या मोबाइलांतहि अशी सोय असते. ती चालू कशी करावयाची हें नातवंडांनीं आजोबांस शिकवावें.

प्रत्येक साधन विकत घ्यावें लागतें असेंहि नाहीं. ज्याची मूठ वळत नाहीं त्याच्या चमच्याच्या दांड्यास कापडाची जाड घडी गुंडाळावी किंवा सायकलच्या मुठीचें रबर चढवावें. ताट सरकूं नये म्हणून खालीं ओलें फडकें घालावें. ग्रंथ वाचण्याची आपली जुनी लांकडी व्यासपीठिका मान न वळणाऱ्या वाचकास आजहि उत्तम उपयोगी पडते. घरांतील सुतारास दोन तास बसवून जें होतें तें कित्येकदां मोठ्या दुकानांतहि मिळत नाहीं.

मोठ्या साधनांसाठीं कोठें जावें हा प्रश्न उरतो. पुण्याचें कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्यें, महायुद्धांतील जखमी सैनिकांसाठीं निघालें. पुढें तें नागरिकांसहि खुलें झालें. मुंबईस हाजी अलीजवळ १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, आणि वांद्र्यास १९८३ पासून श्रवण व वाणी यांच्या दोषांसाठीं अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. जयपूरच्या पायाचें नांव सर्वांस ठाऊक आहे. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी हे शल्यवैद्य यांनीं मिळून तो घडविला. हा पाय लावून अनवाणी चालतां येतें, शेतांत उतरतां येतें, उकिडवेंहि बसतां येतें. आपल्या राहणीचें माप ओळखून केलेल्या साधनाचें याहून चांगलें उदाहरण सांपडणार नाहीं. १९७५ मध्यें स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिति हा पाय विनामूल्य बसवून देते. मध्यवर्ती सरकारच्या योजनेखालींहि उत्पन्नाच्या मर्यादेंत साधनें मिळतात. कानपूरचा अलिम्को हा सरकारी कारखाना तीं बनवितो.

यांपैकीं सरकारी लाभांसाठीं अपंगत्वाचें प्रमाणपत्र आणि ओळखपत्र लागतें. तें काढण्यास पुष्कळ घरें संकोच करतात. कागदावर एकदां नांव आलें कीं डाग लागला, अशी समजूत असते. ही समजूत टाकावी. २०१६ च्या कायद्यानें अपंगत्वाचे सातांऐवजीं २१ प्रकार मानले आहेत, आणि ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलास वयाच्या सहाव्यापासून अठराव्या वर्षापर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला आहे. हक्क मागण्यांत लाज कसली?

आतां सेवा करणाऱ्याविषयीं. घरांत अपंग व्यक्ति असली कीं तिचा सर्व भार बहुधा एकाच स्त्रीवर, आईवर किंवा सुनेवर, येऊन पडतो. ती उचलते, धुते, भरविते, रात्रीं उठते, आणि तिच्या कमरेचें दुखणें कोणी विचारीत नाहीं. उचलण्याची योग्य रीत फिजिओथेरपिस्टाकडून घरांतील सर्वांनीं, पुरुषांनींहि, शिकून घ्यावी. गुडघ्यांत वांकावें, पाठ सरळ ठेवावी, भार अंगाजवळ घ्यावा. आठवड्यांतून एक दिवस तरी तिची पाळी दुसऱ्यानें घ्यावी. थकलेल्या हातांकडून सेवा फार दिवस होत नाहीं.

आणि ज्यांचें मूल स्वतःचा व्यवहार पाहूं शकत नाहीं अशा आईबापांस रात्रीं जागविणारा प्रश्न म्हणजे, 'आमच्या मागें याचें काय?' त्यावर नुसतें 'भाऊ पाहील' हें उत्तर पुरेसें नाहीं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणें स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविध अपंगत्व असलेल्या व्यक्तीस अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमतां येतो, आणि हें काम जिल्ह्याची स्थानिक समिति पाहते. आईबापांनीं स्वतः हयात असतांनाच ही व्यवस्था करावी, आणि मृत्युपत्रहि वेळेवर लिहून ठेवावें.

योग्य साधन आणि आधार मिळाल्यावर मनुष्य काय करतो हें महाराष्ट्रानें पाहिलें आहे. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून अपंग झालेले सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर यांनीं १९७२ मध्यें हायडेलबर्ग येथें पोहण्यांत भारतास पहिलें पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिलें. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचें कमरेखालील शरीर ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर लुळें पडलें. त्यांनीं १९८४ मध्यें 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' ही संस्था काढून शेंकडों अपंगांस शिक्षणाची व कामाची वाट दाखविली, आणि 'चाकाची खुर्ची' हें आत्मचरित्र लिहिलें. अशी कर्तबगारी सर्वांकडून अपेक्षिण्याचें कारण नाहीं. स्वतःच्या हातानें जेवणें, आपल्या इच्छेनें ओसरीवर येऊन बसणें, हीसुद्धां मोठी मिळकत आहे.

वाचकांस शेवटीं एवढेंच सांगणें. साधन घेण्याच्या दिवशीं घरांतील कर्ते पुरुष, डॉक्टर व दुकानदार एकत्र बसून निर्णय करतात, आणि ज्याच्यासाठीं तें घ्यावयाचें तो मनुष्य कोपऱ्यांत गप्प बसलेला असतो. प्रथम त्यास विचारावें: दिवसांतून कोठें जावेंसें वाटतें, कोणतें काम स्वतः करावेंसें वाटतें, कोठें अडतें? त्याच्या उत्तराप्रमाणें माप घ्यावें, दार मोजावें, आणि मग बाजारांत जावें.