दीडकी आणि संगणक : बहुमाध्यम आज्ञावलीचे प्राथमिक धडे



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज येथे जमलो आहोत, त्या गुरुजींच्या वर्गात मी तीन वर्षे गणित शिकलो. आजचा माझा विषय मात्र संगणकाचा आहे. चित्र, ध्वनी आणि अक्षर यांना एकत्र आणून, पाहणाऱ्याच्या प्रश्नोत्तरांना प्रतिसाद देणारी आज्ञावली नवशिक्याने कशी लिहावी, हे मला सांगायचे आहे. गुरुजींच्या स्मृतीशी या विषयाचा काय संबंध, असे कोणास वाटेल. परंतु ही विद्या मी ज्या एका कामातून शिकलो, ते काम गुरुजींच्या आवाजाचे होते. त्यामुळे त्याच कामाच्या आधाराने मी हे विवेचन करणार आहे.

१९९६ साली खजराना येथील आमच्या घरी पहिला संगणक आला. मी तेव्हा शाळेत गणित शिकवीत असे. आज्ञावलीचे ज्ञान शून्य होते. 'मल्टिमीडिया' हा शब्द त्या दिवसांत सर्वांच्या तोंडी होता. एका तबकडीवर चित्रे, गाणी आणि माहिती मावते, याचेच लोकांना कौतुक वाटे. मला वाटले, या यंत्राकडून गुरुजींची दीडकी मुलांना ऐकवता आली तर किती चांगले होईल!

येथील तरुण श्रोत्यांसाठी थोडा खुलासा करतो. पूर्वी मराठी शाळांत पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर अपूर्णांकांचेही पाढे असत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे होते, पाव रुपयाला पावली म्हणत, आणि बाजारात असे हिशेब तोंडी करावे लागत. नाणी बदलली, तसे हे पाढे शाळेतून हळूहळू गेले. आपल्या इंदुरात घराबाहेर हिंदी बोलणारे मूल 'डेढ' आणि 'ढाई' तरी म्हणते; इंग्रजी माध्यमातील पुष्कळ मुले 'वन पॉइंट फाइव्ह' म्हणून मोकळी होतात. गुरुजींना हे सातही पाढे मुखोद्गत होते. १९९७ च्या उन्हाळ्यात आमच्या ओसरीवर बसून त्यांनी ते टेपरेकॉर्डरवर म्हटले. त्या ध्वनिमुद्रणात एके ठिकाणी पाठीमागे हातगाडीवाल्याची हाकही ऐकू येते.

पहिला धडा ध्वनीच्या आकारमानाचा मिळाला. संगणक आवाज साठवतो तो आकड्यांच्या रूपात. ध्वनिलहरीची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजली जाते आणि प्रत्येक मोजमाप एक संख्या म्हणून लिहिले जाते. त्या काळी प्रचलित असलेल्या मध्यम दर्जाच्या मुद्रणात सेकंदाला २२,०५० मोजमापे घेत. प्रत्येकास एक बाइट धरला, तर एका फ्लॉपीवर मिनिटाहून थोडाच अधिक आवाज मावे. चित्रांचेही तसेच. आडवे ६४० आणि उभे ४८० ठिपके असलेले २५६ रंगांचे एक चित्र तीन लाख बाइटांहून मोठे होई, म्हणजे फ्लॉपीवर जेमतेम चार चित्रे. सात पाढ्यांच्या प्रत्येकी दहा ओळी धरल्या, तरी सत्तर ओळी होत होत्या. ओळी साठवण्याऐवजी शब्द साठवावेत, असा विचार मी केला. एक ते पस्तीस या संख्या आणि पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडे, पावणे हे आठ शब्द, असे अवघे त्रेचाळीस तुकडे पुरत होते. प्रत्येक तुकडा सुमारे एक सेकंदाचा. सारे गुरुजी एका फ्लॉपीवर बसले!

यात तोटाही झाला. तुकडे जोडून उच्चारलेल्या 'साडे' आणि 'दहा' यांत पाढ्याची लय राहिली नाही. म्हणून संपूर्ण पाढे मी वेगळे जतन केले आणि उत्तरे देण्यासाठी तुकडे वापरले. हा विवेक बहुमाध्यमात प्रत्येक पावलावर करावा लागतो. जे सलग ऐकायचे ते सलग ठेवावे. जे प्रसंगानुसार बदलायचे, त्याचेच तुकडे करावेत.

दुसरा धडा क्रमाचा. दादासाहेब फाळके यांनी चित्रपटविद्या बऱ्याच अंशी स्वप्रयत्नाने आत्मसात केली. १९१२ च्या सुमारास त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून रोज त्याचे चित्र घेतले आणि रोप वाढताना दाखवणारा छोटा चित्रपट केला, हे आपणास ठाऊक असेल. त्या चित्रमालिकेचा क्रम एकदा ठरला की कायमचा ठरला. प्रेक्षक असो वा नसो, वाटाणा त्याच गतीने उगवणार. मी प्रथम आज्ञावली लिहू लागलो, तेव्हा माझ्या डोक्यात असाच चित्रपट होता. आधी हे चित्र, मग हा आवाज, मग पुढील चित्र. परंतु संवादी आज्ञावलीत क्रम पाहणाऱ्याच्या हाती असतो. लेखकाने लिहायचे असतात ते नियम : अमुक घडले, तर तमुक करावे. मुलाने चित्रावर टिचकी मारली, ही एक घटना. त्या वेळी कोणता प्रश्न समोर होता आणि हा कितवा प्रयत्न होता, हे ज्या कप्प्यांत लिहून ठेवायचे, त्यांस चलपद म्हणतात. घटना, चलपद आणि अट या तीन गोष्टी ज्यास उमगल्या, त्यास या विद्येचा पाया सापडला असे समजावे.

तिसरा धडा चुकीतून मिळाला. गुणाकार यंत्र अचूक करी; पण उत्तराचे नाव त्यास मराठीत सांगता येईना. पूर्णांकाच्या पुढे अर्धा उरला की 'साडे' लावावे, एवढाच नियम मी लिहिला होता. यंत्राने एकाची दीडपट 'साडेएक' सांगितली आणि माझी पुतणी हसून लोळली. 'दीड' आणि 'अडीच' हे अपवाद मी घातले, तोच पाऊणकीत नवी अडचण उभी राहिली. पावणेसात म्हणजे सहा आणि पाऊण. येथे शब्द पुढच्या संख्येकडे पाहतो. मी गुरुजींकडे गेलो. ते म्हणाले, "रुपये कशाला मोजतोस? पावल्या मोज."

त्या एका वाक्याने माझी आज्ञावली सुटसुटीत झाली. प्रत्येक उत्तर पावांत मांडायचे आणि चाराने भागायचे. बाकी शून्य उरली, तर भागाकार हेच उत्तर. बाकी एक असेल, तर भागाकाराआधी 'सव्वा'. भागाकार एक असल्यास नुसते 'सव्वा', शून्य असल्यास 'पाव'. बाकी दोन असेल, तर 'साडे'. मात्र शून्यास 'अर्धा', एकास 'दीड', दोहोंस 'अडीच'. बाकी तीन असेल, तर भागाकारात एक मिळवून त्याआधी 'पावणे', शून्यास 'पाऊण'. नऊची पाऊणपट काढून पाहा. सत्तावीस पाव होतात, चाराने भागता भागाकार सहा, बाकी तीन, म्हणून पावणेसात. आपण लहानपणापासून सहज बोलतो त्या भाषेत इतके नियम दडलेले असतात, हे मला यंत्राला शिकवताना प्रथम कळले. नवशिक्याने आज्ञावली लिहिण्याआधी आपला विषय असा कागदावर उलगडावा. माझी ती वही मी अद्याप ठेवली आहे.

चौथा धडा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोही गुरुजींचाच. १९९८ साली मी त्यांना तयार काम दाखवले. यंत्र प्रश्न विचारी, पाच सेकंद वाट पाही आणि उत्तर न मिळाल्यास स्वतःच सांगून टाकी. शेजारचे एक मूल खेळत होते. दोन प्रश्नांनंतर ते हात बांधून बसले. उत्तर आपोआप मिळते हे त्याने ओळखले होते. गुरुजी म्हणाले, "अरे, मूल विचार करतंय, तोवर तुझं यंत्र मध्ये बोलतं कशाला?" त्यांच्या वर्गात बसलेल्यांना त्यांचे थांबणे आठवत असेल. प्रश्न विचारून ते खिडकीबाहेर पाहत उभे राहत आणि मागच्या बाकावरील मुलालाही विचार करण्यास अवधी मिळे. मी घड्याळ काढून टाकले.

त्याचबरोबर चुकीच्या उत्तराचाही नव्याने विचार केला. आधी चुकल्यावर भोंगा वाजत असे. सातची दीडपट साडेदहा होते. एखाद्याने चौदा सांगितले, तर त्याने दीडपटीऐवजी दुप्पट केली आहे. साडेआठ सांगितले, तर गुणण्याऐवजी दीड मिळवले आहे. प्रत्येक चूक आपले कारण सांगत असते. तेव्हा चौदा म्हणणाऱ्यास यंत्र सात पूर्ण भाकऱ्या आणि सात अर्ध्या भाकऱ्या दाखवू लागले. साडेआठ म्हणणाऱ्यास एकाच भाकरीला अर्धी जोडलेली दिसे आणि उरलेल्या सहा वाट पाहत असत. भोंगा मी काढून टाकला. पडद्यावर किती चित्रे हलतात, यावरून बहुमाध्यम कामाची पारख करू नये; चुकलेल्या मुलास ते काय उत्तर देते, हे पाहावे, असे माझे मत तेव्हापासून बनले.

आता माझ्या निष्काळजीपणाची कथाही सांगितली पाहिजे. गुरुजी २००४ साली गेले. पुढे २०१९ साली एका माजी विद्यार्थ्याने ते काम पाहण्याची इच्छा व्यक्त केली. मी तबकडी काढली. पण ते चालेना. सोळा बिटांच्या जुन्या पद्धतीने तयार झालेले कार्यक्रम चौसष्ट बिटांच्या विंडोजवर चालत नाहीत. भाकऱ्यांची चित्रे आणि सारे नियम त्या एका साधनाच्या खास धारिकेत बंद होते आणि त्यांची दुसरी प्रत मी ठेवली नव्हती. अशी साधने येतात आणि जातात. १९८७ साली आलेले ॲपलचे हायपरकार्ड, ज्यात पत्त्यांसारखी पाने आणि कळी जोडून कोणासही असे काम करता येई, ते २००४ मध्ये विक्रीतून गेले. डायरेक्टर २०१७ साली बंद झाले. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. त्यांत रचलेले असंख्य पाठ आज सहजासहजी उघडत नाहीत.

सुदैवाने त्रेचाळीस तुकडे आणि सातही पाढे साध्या ध्वनिधारिकांच्या रूपात तबकडीवर वेगळे होते, आणि नियमांची वही कपाटात होती. २०२२ साली शाळेतील सातवीच्या काही मुलामुलींना घेऊन मी ते काम पुन्हा उभारले. या वेळी साधन होते स्क्रॅच. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत मिचेल रेझनिक यांच्या गटाने ते मुलांसाठी तयार केले आणि २००७ साली सर्वांस खुले केले. त्यात आज्ञा टंकाव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून आज्ञावली बनते. त्यामागे सीमूर पॅपर्ट यांच्या लोगो या भाषेची परंपरा आहे : मुलाने यंत्रास शिकवावे, म्हणजे ते स्वतः शिकते. २००७ सालीच रायगड जिल्ह्यातील खैरात येथील धनगरवाड्याच्या शाळेत मुलांना छोटे संगणक देण्यात आले, त्यांवरही चित्रे रचून हलवण्याची अशीच साधने होती. म्हणजे ही विद्या मोठ्या शहरांपुरती आहे, असे मानण्याचे कारण नाही.

स्क्रॅचमध्ये एक ठोकळा आहे. त्याचा अर्थ 'विचारा आणि थांबा'. तो पाहून मला क्षणभर बोलवेना. वहीतील नियम मुलांनी तीन दिवसांत ठोकळ्यांत उतरवले. भाकऱ्या त्यांनी नव्याने काढल्या; माझ्यापेक्षा गोल. एका मुलीने विचारले, "सर, हे बोलणारे आजोबा कोण?" मी तिला या शाळेच्या दिवाणखान्यातील तसबीर दाखवली. आज ती मुले पाढा चुकली की गुरुजी त्यांना उत्तर देतात, आणि मुले बरोबर सांगेपर्यंत थांबतात.

ज्यांना आरंभ करावयाचा असेल, त्यांच्यासाठी चार गोष्टी पुन्हा सांगतो. विषय लहान घ्यावा आणि त्याचे नियम आधी कागदावर लिहावेत. पहिली आवृत्ती चित्राविना, नुसत्या अक्षरांत चालवून पाहावी. आवाज आणि रंग मागाहून घालावेत. काम अर्धे झाले की एका मुलासमोर ठेवावे आणि आपण गप्प बसून पाहावे. आणि आवाज, चित्रे, मजकूर हे कच्चे साहित्य साध्या, सर्वत्र उघडणाऱ्या स्वरूपात साधनाबाहेर जपून ठेवावे. साधन मोडले, तरी त्यातून काम पुन्हा उभे राहते.

आपणांपैकी पुष्कळांच्या घरी आजी-आजोबांचे आवाज जुन्या फितींवर पडून असतील. फिती झिजतात, आणि त्या वाजवणारी यंत्रेही आता दुर्मीळ होत आहेत. त्या फिती या सुटीत उतरवून घ्याव्यात, एवढी विनंती करतो.