चाळिशीनंतरचा काढा

‘चाळिशी’ हा शब्द मराठीने मोठ्या मिस्किलपणे घडवला आहे. वयाला चाळीस वर्षे झाली की ती चाळिशी, आणि त्या सुमारास नाकावर चढून बसणारा चष्मा, तीही चाळिशीच. पंचांगातली बारीक अक्षरे वाचायला हात लांब लांब होऊ लागला, सुईत दोरा ओवायला नातवंडांना हाक मारावी लागली की समजावे, डोळ्यांतले भिंग ताठर होऊ लागले. हा रोग नव्हे. केस पिकतात तसेच हेही.

परंतु चष्मा लागला की घरात सल्लागारही येतात. कोणी म्हणते त्रिफळ्याचे पाणी घ्या, कोणी ज्येष्ठमधाचा काढा सुचवते, कोणी बडीशेप उकळून पिण्याचा आग्रह धरते. आमचा हिंगोली जिल्हा म्हणजे हळदीचे आगर. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हा आमच्याकडच्या सल्लागारांच्या काढ्यात हळद असणारच! हिंगोलीच्या दसऱ्याची जत्रा पाहिलेल्यांना मुळ्या, साली आणि बिया मांडून बसलेले ते जडीबुटीवालेही आठवतील. पंधरा दिवसांत चष्मा उतरवून देण्याची हमी देणाऱ्या एका गृहस्थाला मी जवळून पाहिले. पैसे मोजताना त्याने खिशातून स्वतःचा चष्मा काढला.

हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट मी पूर्वी हसण्यावारीच नेत असे. आत्याच्या डोळ्यांनी ते हसू घालवले.

माझी आत्या वसमत तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय सत्तरीच्या पुढे, पण पहाटे उठून अंगण झाडण्याचा नेम मोडलेला नाही. तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, हे सगळ्या घराला ठाऊक होते. ‘पिकू द्या, मग काढू,’ असे म्हणत दिवस चालले होते. तोवर म्हणून काष्टौषधीच्या दुकानातून हिरडा, बेहडा आणि आवळकाठी आणून तिने त्रिफळ्याचा उपचार सुरू केला. रात्री भिजत घालायचे, सकाळी उकळून गाळायचे, अर्धे प्यायचे आणि अर्ध्याने डोळे धुवायचे. संध्याकाळी परसातल्या गवती चहाची दोन पाती, आले आणि ज्येष्ठमधाचा तुकडा. दवाखान्याचा विषय काढला की ती म्हणे, ‘‘मला चांगलं दिसायलंय की! एक डोळा शाबूत हाय. उगं कशाला पैसे घालवता?’’

असे दोन वर्षे चालले. मग एका श्रावणात आम्ही सगळे औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो. तिथला गाभारा जमिनीच्या पोटात आहे. अरुंद पायऱ्यांवरून वाकून खाली उतरावे लागते. आत्या ते देऊळ लहानपणापासून जाणते. तरी ती पायरी चुकली आणि माझ्या अंगावर आली. वर मोकळ्या आवारातही ती डाव्या बाजूने येणाऱ्या माणसांवर आदळत होती. समोरचा कळस मात्र तिला नीट दिसत होता. ‘मोतीबिंदूने असे होते’ असे आम्ही एकमेकांना सांगितले. तेही चुकीचे होते.

नांदेडच्या नेत्रतज्ज्ञांनी दोन्ही डोळे तपासले. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू त्यांनी सहज बाजूला ठेवला. तो काढता येणार होता. त्यांचा चेहरा गंभीर झाला तो डाव्या, ‘शाबूत’ डोळ्यापाशी. त्यात काचबिंदू होता.

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे जुळ्या भावांसारखी आहेत, पण स्वभाव अगदी वेगळे. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. गढूळ भिंग काढून स्वच्छ भिंग बसवले की काम झाले. लंडनच्या हॅरॉल्ड रिडले यांनी १९४९ साली पहिले कृत्रिम भिंग माणसाच्या डोळ्यात बसवले, तेव्हापासून ही विद्या इतकी सुधारली आहे की आता मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहावी लागत नाही, हिवाळ्याचीही नाही. आपल्या मराठवाड्याच्याच मातीतले, लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांनी एकट्याने लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. आणि तरीही, २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधांपैकी शेकडा ६६ जणांच्या अंधत्वाचे कारण मोतीबिंदूच निघाले. इलाज असलेला रोग आणि त्याच रोगाने आंधळी झालेली माणसे, असा हा प्रकार आहे.

काचबिंदूचे तसे नाही. डोळ्यात एक पाणी सतत तयार होते आणि सूक्ष्म वाटांनी वाहून जाते. या वाटा तुंबल्या की आतला दाब वाढतो आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरू लागते. (काहींची नस दाब बेताचा असूनही झिजते, म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही.) बहुतेकांना दुखत नाही, लाली येत नाही. नजर कडेकडेने आक्रसत जाते आणि मधली नजर शेवटपर्यंत टिकते. म्हणून कळस दिसतो आणि पायरी चुकते. गेलेली नजर कोणत्याही औषधाने वा शस्त्रक्रियेने परत येत नाही. राहिलेली तेवढी थेंबांनी, किरणांनी किंवा शस्त्रक्रियेने राखता येते.

आत्याने भीत भीत विचारले, ‘‘डॉक्टर, माझ्या काढ्यानं झालं का हो हे?’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘काढ्यानं नाही झालं आजी. काढ्यापायी उशीर झाला.’’

या एका वाक्याने मला पुस्तके उघडायला लावली. काढ्याची बाजूही ऐकून घेतली पाहिजे ना! वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त डोळ्यांसाठी त्रिफळा सांगितला आहे, हे खरे. मात्र तो नुसत्या पाण्यातला नव्हे. तूप आणि मध यांच्यासह रात्री घ्यायचा. आपण तूप वगळले आणि उकळते पाणी ठेवले. त्रिफळ्याने मोतीबिंदू लांबतो का, याचे प्रयोग उंदरांच्या पिलांवर झाले आहेत आणि थोडी आशाही दिसली आहे. पण उंदराच्या पिलापासून आत्यापर्यंतचे अंतर मोठे आहे.

तुपाचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. दृष्टिपटलाच्या मध्यभागी पिवळी रंगद्रव्ये असतात, ल्युटीन आणि झियाझँथिन. ती शरीर तयार करीत नाही, अन्नातूनच मिळवावी लागतात. अमेरिकेत एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. म्हातारपणी दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजण्याच्या रोगात रोज १० मिलिग्रॅम ल्युटीन व २ मिलिग्रॅम झियाझँथिन, त्यांच्या जोडीला काही जीवनसत्त्वे, जस्त आणि तांबे अशी पूरक गोळी तेव्हापासून सुचवली जाते. तीही रोग मध्यम अवस्थेला पोचलेल्यांसाठी. धडधाकट माणसाने घ्यावी म्हणून नव्हे. आता गंमत अशी की ही द्रव्ये पाण्यात विरघळत नाहीत, स्निग्धात विरघळतात. तेव्हा पाने उकळून, ती फेकून देऊन वरचे पाणी प्यायचे म्हणजे भाजी टाकून टोपलीच शिजवण्यासारखे झाले! शेवग्याचा पाला, पालक, मेथी, तांदुळजा यांची लसणाची फोडणी दिलेली साधी भाजी त्या पाण्यापेक्षा कितीतरी सरस. पिवळा मका आणि अंड्याचा बलक यांतही ती द्रव्ये आहेत. हळदीचीही तीच कथा: तिचा पिवळा घटक पाण्यात जवळजवळ उतरत नाही, आणि पोटात गेला तरी फारसा शोषला जात नाही. तिने डोळे सुधारतात असे अजून कोणी सिद्ध केलेले नाही. हळदीच्या गावचा माणूस म्हणून हे लिहिताना मला थोडे जड जाते.

चिनी लोक डोळ्यांसाठी शेवंतीच्या फुलांचा चहा पितात. तो कोणी करून पाहावा, सुवास छान येतो. साध्या चहालाही एक वकील मिळाला आहे. अमेरिकेतल्या २००५-०६ सालच्या आरोग्य-पाहणीतल्या सुमारे १,७०० माणसांची माहिती तपासली, तेव्हा रोज गरम चहा पिणाऱ्यांत काचबिंदू कमी आढळला. पण त्यांत काचबिंदूचे रोगी शंभरही नव्हते, आणि चहा पिणारी माणसे इतर बाबतीतही वेगळी असू शकतात. एवढ्यावर कोणी थेंबांची बाटली बाजूला ठेवू नये.

उलट काही गोष्टी सरळ टाळाव्यात. ज्येष्ठमध रोज भरपूर घेतला तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातले पोटॅशियम घटते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तो डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. काढ्यात गूळ-साखर सढळ हाताने पडते, आणि मधुमेह तर दृष्टिपटलाचा जुना वैरी. आणि घरी गाळलेल्या पाण्याने डोळे धुणे मला सगळ्यांत भयंकर वाटते. फडक्यातून गाळल्याने जंतू गाळले जात नाहीत. शेतात पिकाचे पाते डोळ्याला लागले असेल आणि वर असे पाणी पडले, तर बुबुळावर जखम चिघळून फूल पडते, ते कायमचे.

आत्याच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, घरी आली, आणि आढ्याकडे पाहून तिने सुनेला पहिला प्रश्न केला, ‘‘एवढी जळमटं कवापासून हैत गं?’’ डाव्या डोळ्याने गमावले ते गमावलेच. उरलेल्यासाठी रोज रात्री थेंब.

पण गोष्ट तिथे संपली नाही. काचबिंदू रक्ताच्या नात्यात उतरतो, भावंडांना आणि मुलांना धोका पुष्कळ अधिक असतो. म्हणून डॉक्टरांनी सगळ्या कुटुंबाला बोलावून घेतले. चाळिशीच्या पुढचे आम्ही सातजण एका सकाळी बाकावर ओळीने बसलो. डोळ्याचा दाब मोजला, बाहुली मोठी करून आतली नस पाहिली, आणि ज्यांची शंका आली त्यांना एका यंत्रापुढे बसवून लुकलुकणारे ठिपके मोजायला लावले. या सगळ्याला अर्धा दिवस लागला. दुखले कोणालाच नाही.

माझे वडील, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, आयुष्यभर चष्म्याच्या दुकानात नंबर काढून घेत आले होते. दाब मात्र कधी कोणी मोजला नव्हता. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचा दाब वाढलेला निघाला. नजर अजून शाबूत होती, नसेला नुकती कुठे झळ लागली होती. त्याच दिवशी थेंब सुरू झाले.

आत्याचा गवती चहा चालूच आहे. त्याला डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. फक्त ज्येष्ठमध गेला आणि डोळे धुण्याचे भांडे देवघरातल्या फुलांसाठी लागले. रात्री बरोबर नऊ वाजता आमच्या घरचा फोन वाजतो. वडील तो उचलतात, आणि पलीकडून नमस्कार-चमत्कार काही नसतो.

‘‘बापू, थेंब टाकले का रे?’’