तेल-उद्योगातील पुनर्रचना आणि कर्मचाऱ्यांची मनोवृत्ती
(मुंबई उपनगरांतील तेल-कंपन्यांच्या अनुभवाच्या आधारे)

मोठ्या उद्योगात नोकरकपातीची वार्ता आली म्हणजे कर्मचारी तिला विरोध करतात, ही गोष्ट इतकी परिचित आहे की तिचे स्पष्टीकरण द्यावे असे सहसा कोणास वाटत नाही. पोटावर पाय येऊ लागला तर माणूस ओरडणारच, एवढे म्हणून विषय संपविला जातो. परंतु चेंबूरच्या पलीकडे माहूल-ट्रॉम्बे परिसरात वसलेल्या तेल-शुद्धीकरण कारखान्यांचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला, तर हे उत्तर अपुरे आहे असे दिसून येते. १९७४ ते १९७८ ह्या काळात येथील कंपन्यांचे मालक बदलले, नावे बदलली, एक कंपनी दुसरीत विलीन झाली. ह्याहून मोठी पुनर्रचना कल्पिणे कठीण आहे. तरीही तिच्याविरुद्ध पुढे दिसला तसा संघटित विरोध त्या वेळी उभा राहिला नाही. उलट २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने भारत पेट्रोलियममधील आपले भाग विकण्याचा केवळ निर्णय घेतला. त्या दिवशी एकाही कर्मचाऱ्याची नोकरी गेली नव्हती. तरी महिनाअखेरीस संप झाला. आणि दुसऱ्याच वर्षी, त्याच कंपनीने स्वेच्छानिवृत्तीची योजना जाहीर केली तेव्हा प्रश्न संघटनेच्या सभेतून निघून प्रत्येकाच्या घरातील हिशेबाच्या वहीत जाऊन बसला. पुनर्रचना एका वेळी सह्य, दुसऱ्या वेळी असह्य आणि तिसऱ्या वेळी वैयक्तिक निवडीचा विषय का ठरते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. संज्ञांचा विचार

प्रथम संज्ञा स्पष्ट केल्या पाहिजेत. बोलण्यात 'ले-ऑफ' आणि 'कपात' हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. भारतीय कायद्यात मात्र त्यांचे अर्थ भिन्न आहेत. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली ज्या तरतुदी घालण्यात आल्या, त्यांनुसार ले-ऑफ म्हणजे कच्चा माल, वीज, कोळसा इत्यादींच्या अभावी मालकास काही काळ काम देता न येणे. त्यात नोकरीचा संबंध तुटत नाही. कामगारास त्या काळापुरते निम्मे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळतो. कपातीत हा संबंध कायमचा तुटतो. त्यासाठी एक महिन्याची सूचना, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षास पंधरा दिवसांचे वेतन आणि 'शेवटी आला तो प्रथम जाईल' हा क्रम कायद्याने घालून दिला. स्वेच्छेने घेतलेली निवृत्ती मात्र कपातीच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळण्यात आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ह्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. मोठ्या कारखान्यांना कपातीपूर्वी शासनाची परवानगी घ्यावी लागते. ती मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली. परंतु मूळ भेद तसाच राहिला आहे.

हा भेद केवळ वकिलांच्या कामाचा नाही. कपातीत निर्णय मालकाचा असतो व त्याचे कारण मालकास सांगावे लागते. स्वेच्छानिवृत्तीत अर्ज कर्मचाऱ्याचा असतो; म्हणून कारणही त्याचेच मानले जाते. संख्या दोन्ही मार्गांनी सारखीच घटली, तरी जबाबदारी कोणाच्या नावावर लिहिली जाते, हे दोहोंत वेगळे असते.

२. बार्शीचा धडा

मालक बदलला तर नोकराचे काय, हा प्रश्न महाराष्ट्रात प्रथम तेलाच्या नव्हे, तर रेल्वेच्या संदर्भात उभा राहिला. बार्शी लाइट रेल्वे ही खाजगी कंपनीची अरुंद मापाची रेल्वे १ जानेवारी १९५४ पासून सरकारने आपल्याकडे घेतली. कंपनीने आपल्या सर्व नोकरांची सेवा संपविली. त्यांतील बहुतेकांना सरकारी रेल्वेने पुन्हा कामावर घेतले. नोकरांनी कपातीची भरपाई मागितली. धंदाच हस्तांतरित झाला असता ती 'कपात' होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५६ च्या अखेरीस दिला. ह्या निर्णयाने निर्माण झालेली पोकळी भरून काढण्यासाठी १९५७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. सेवा अखंड राहिली, सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कमी झाल्या नाहीत आणि जुनी सेवा नव्या मालकाने हिशेबात धरली, तर भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. ह्यांतील एकही गोष्ट मोडली तर भरपाई द्यावी लागते, असा नियम झाला.

ह्या तीन अटींचा गाभा एका शब्दात सांगता येतो : सेवासातत्य. येथे मानसशास्त्रातील एका व्याख्येची आठवण होते. ग्रीनहाल्ग आणि रोझेनब्लॅट ह्या संशोधकांनी १९८४ मध्ये नोकरीतील असुरक्षिततेचा विचार करताना असे प्रतिपादन केले की, धोक्यात आलेल्या नोकरीत आपणांस हवे असलेले सातत्य टिकविण्यास आपण असमर्थ आहो, ही जाणीव म्हणजे असुरक्षितता होय. ह्या व्याख्येत नोकरी प्रत्यक्ष जाण्यापेक्षा असमर्थतेच्या जाणिवेला अधिक महत्त्व आहे. बार्शीच्या अनेक नोकरांना काम परत मिळाले होते; तरी ते न्यायालयात गेले, ह्याचा उलगडा ह्या व्याख्येने होतो.

३. ट्रॉम्बेचे दोन कालखंड

ट्रॉम्बे येथे स्टँडर्ड व्हॅक्युम कंपनीचा शुद्धीकरण कारखाना १९५४ मध्ये आणि बर्मा-शेलचा १९५५ मध्ये सुरू झाला. ह्या परदेशी कंपन्यांतील नोकरी उपनगरांतील मध्यमवर्गीय व कामगार कुटुंबांना प्रतिष्ठेची वाटे. चेंबूर, घाटकोपर, मुलुंड येथून कामाच्या पाळ्यांना जाणारा कर्मचारी आपल्या शेजाऱ्यांपेक्षा अधिक वेतन घेई. पुढे स्टँडर्ड व्हॅक्युमचा येथील व्यवसाय एस्सोकडे आला. १९७४ मध्ये संसदेच्या कायद्याने एस्सोचा व्यवसाय सरकारने घेतला व हिंदुस्तान पेट्रोलियमची स्थापना झाली. १९७६ मध्ये बर्मा-शेलचा व्यवसाय घेण्यात आला. १९७७ पासून ती कंपनी भारत पेट्रोलियम ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. कॅलटेक्सचाही व्यवसाय घेतला जाऊन तो १९७८ मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाला.

ह्या स्थित्यंतराच्या कायद्यांत कर्मचाऱ्यांविषयी स्वतंत्र कलमे होती. जे कर्मचारी सेवेत होते ते त्याच शर्तींवर नव्या मालकाच्या सेवेत आले, असे त्यांत म्हटले होते. म्हणजे बार्शीच्या वेळी न्यायालयात जाऊनही जे मिळाले नाही, ते येथे हस्तांतराच्या कायद्यातच आधी लिहून ठेवलेले होते. मालक बदलला; सातत्य मात्र मोडले नाही.

दुसरा कालखंड २००३ पासून सुरू होतो. ह्या दोन कंपन्यांतील सरकारी भाग विकण्याच्या प्रयत्नास सेंटर फॉर पब्लिक इंटरेस्ट लिटिगेशन ह्या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. संसदेच्या कायद्याने घेतलेला व्यवसाय, तो कायदा बदलल्याशिवाय खाजगी हाती देता येणार नाही, असा निर्णय सप्टेंबर २००३ मध्ये झाला. त्यामुळे सत्तरच्या दशकातील ते कायदे कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने संरक्षक भिंतीसारखे झाले. २०१६ मध्ये कालबाह्य कायदे रद्द करण्याच्या एका विधेयकात हे कायदेही रद्द झाले. जानेवारी २०१८ मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियममधील ५१.११ टक्के भाग तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने घेतले. तेथे मालक बदलला, पण तो सार्वजनिक क्षेत्रातीलच राहिला. २० नोव्हेंबर २०१९ रोजी भारत पेट्रोलियममधील ५३.२९ टक्के भाग विकण्यास मंत्रिमंडळाने मान्यता दिली, तेव्हा मात्र नवा मालक कोण, हे कोणासही ठाऊक नव्हते, आणि सेवाशर्तींची हमी देणारा जुना कायदा उरला नव्हता.

ह्या दोन कालखंडांतील फरक केवळ सरकारी मालकी विरुद्ध खाजगी मालकी असा मांडला जातो. तो खोटा नाही. पण अपुरा आहे. पहिल्या वेळी पुढील शर्ती आधी ठाऊक होत्या, दुसऱ्या वेळी त्या ठाऊक नव्हत्या, हा फरक त्याहून मूलभूत आहे. शर्ती ठाऊक असतील तेथे कर्मचारी त्यांविषयी घासाघीस करतो. त्या ठाऊक नसतील तेथे घासाघीस कशाची करावयाची हेच कळत नाही, म्हणून विरोध सबंध निर्णयालाच होतो. अखेर मे २०२२ मध्ये सरकारने ही विक्रीची प्रक्रिया मागे घेतली. म्हणजे सुमारे अडीच वर्षे कर्मचारी एका अशा मालकाची वाट पाहत होते, जो आलाच नाही.

४. स्वेच्छेचे गणित

ह्याच अडीच वर्षांत, जुलै २०२० मध्ये, भारत पेट्रोलियमने पंचेचाळीस वर्षे पूर्ण केलेल्या कर्मचाऱ्यांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. सार्वजनिक उपक्रमांत अशा योजना १९८८ पासून रूढ आहेत. ह्या योजनेत सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षास दोन महिन्यांचे वेतन, किंवा निवृत्तीस उरलेल्या महिन्यांचे वेतन, ह्यांपैकी जी रक्कम कमी ती देय होती.

हे सूत्र उदाहरणाने पाहणे उद्बोधक आहे. पंचविसाव्या वर्षी नोकरीस लागलेला व साठाव्या वर्षी निवृत्त होणारा कर्मचारी घेऊ. पंचेचाळिसाव्या वर्षी त्याची सेवा २० वर्षे, म्हणजे भरपाई ४० महिन्यांची; उरलेली नोकरी मात्र १८० महिन्यांची. पन्नासाव्या वर्षी भरपाई ५० महिन्यांची, उरलेले महिने १२०. पंचावन्नाव्या वर्षी दोन्ही आकडे ६० होतात. त्यापुढे उरलेल्या सर्व महिन्यांचे वेतन काम न करता हाती येते. अशा योजनांत वेतन म्हणजे सामान्यतः मूळ वेतन व महागाई भत्ताच धरला जातो, भावी वेतनवाढ बुडते आणि कंपनीच्या वसाहतीतील घर सोडावे लागते, ह्या गोष्टी वजा केल्या तरी निष्कर्ष बदलत नाही. पंचावन्नच्या पुढे स्वेच्छा ह्या शब्दास बराच अर्थ आहे. पंचेचाळीसच्या आसपास तो अर्थ केवळ भीतीनेच भरून निघू शकतो. नवा मालक येऊन ह्याहून वाईट शर्ती लादील असे ज्यास वाटते, तोच १८० महिने सोडून ४० महिने पत्करील.

अर्थशास्त्रज्ञ हर्शमन ह्यांनी १९७० मध्ये असे मांडले की, संस्थेविषयी असमाधान असलेल्या माणसापुढे दोन मार्ग असतात : बाहेर पडणे आणि आवाज उठविणे, ह्यांपैकी कोणता स्वीकारला जाईल हे निष्ठेवर बरेचसे अवलंबून असते. स्वेच्छानिवृत्तीचे वैशिष्ट्य असे की ती बाहेर पडण्यास किंमत देते आणि त्यामुळे आवाज क्षीण होतो. सर्वांत अनुभवी, संघटनेचे नियम व जुने करार तोंडपाठ असलेला कर्मचारीच प्रथम बाहेर पडतो, कारण सूत्र त्यालाच सर्वाधिक लाभ देते. मागे राहतो तो तरुण कर्मचारी, ज्यास त्या करारांचा इतिहास ठाऊक नसतो.

उपनगरांतील परिस्थितीने ह्या मनोवृत्तीत भर घातली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणीसंपानंतर हजारो कुटुंबांनी कायम नोकरी नाहीशी होताना पाहिली. पुढे घाटकोपर ते मुलुंड ह्या पट्ट्यातील कारखान्यांत स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या आणि लाल बहादूर शास्त्री मार्गावरील कारखान्यांच्या जागी निवासी मनोरे व मॉल उभे राहिले. त्यामुळे येथील तेल-कर्मचाऱ्यास एकरकमी पैशाचे पुढे काय होते, हे अर्थशास्त्राच्या ग्रंथातून शिकावे लागत नाही. ते शेजारी पाहिलेले असते.

५. भिंतीच्या बाहेरचे

येथवरचा विचार कायम कामगाराचा झाला. अधिकारीवर्गाची स्थिती निराळी आहे. कायद्याच्या अर्थाने 'कामगार' कोण, ह्यावर बर्मा-शेल व तिच्या व्यवस्थापकीय कर्मचाऱ्यांची संघटना ह्यांच्यातील वाद १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. रसायनतज्ज्ञ, फोरमन, अभियंता अशा पदांचा विचार त्यात एकेक करून झाला. ज्याचे पद ह्या व्याख्येबाहेर राहते, त्यास कपातीविरुद्ध कायद्याचे संरक्षण नसते. पद जितके वरचे तितकी सुरक्षितता अधिक, ही सामान्य समजूत येथे उलटी ठरते.

ह्याहून बिकट स्थिती कंत्राटी कामगारांची. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ट्रॉम्बे येथील स्टँडर्ड व्हॅक्युमच्या कारखान्यातील सफाईच्या कामावरील कंत्राटपद्धती बंद करण्याचा औद्योगिक न्यायाधिकरणाचा आदेश कायम केला. हे काम नित्याचे व कारखान्यास आवश्यक आहे, ते कायम कामगारांकडून करून घेणे योग्य, असे त्याचे सार होते; १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातील कसोट्यांवर ह्या विचाराची छाया दिसते. तरीही कंत्राटी काम संपले नाही. ह्या कामगारासाठी भागविक्री झाली काय आणि रद्द झाली काय, स्वेच्छानिवृत्तीची योजना नसते. कंत्राट संपले की काम संपते. त्यास ना कपात म्हणतात, ना ले-ऑफ. मार्क होल्मस्ट्रॉम ह्या मानवशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये संघटित क्षेत्रातील नोकरीस बालेकिल्ल्याची उपमा दिली होती. मुंबई व अन्यत्र अधिक अभ्यास केल्यावर १९८४ च्या ग्रंथात त्याने स्वतःच ती उपमा सौम्य केली. आत आणि बाहेर ह्यांमध्ये एकच तट नसून अनेक पायऱ्या आहेत, हे ट्रॉम्बेच्या उदाहरणावरूनही पटते.

६. अभ्यासकांसाठी काही सूचना

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, पुनर्रचनेविषयीची मनोवृत्ती ही बदलाच्या आकारावर तितकी अवलंबून नसते, जितकी ती पुढील शर्तींच्या ज्ञानावर आणि त्या शर्ती ठरविण्यातील आपल्या वाट्यावर अवलंबून असते. म्हणून ह्या विषयाची प्रश्नावली तयार करणाऱ्याने 'आपण पुनर्रचनेच्या बाजूचे की विरुद्ध?' एवढ्यावर थांबू नये. आपल्या सेवाशर्ती कोणत्या कागदावर लिहिल्या आहेत, तो कागद बदलण्याचा अधिकार कोणास आहे, आणि बदल झाल्यास आपणांस तो किती दिवस आधी कळेल, हे प्रश्न प्रथम विचारावेत. उत्तरदात्याचे वय व सेवेची वर्षे नोंदविल्याशिवाय स्वेच्छानिवृत्तीविषयीच्या उत्तरांचा अर्थ लावू नये. पंचावन्न वर्षांच्या माणसाचा होकार आणि पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचा होकार ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. तसेच नमुना निवडताना केवळ कंपनीच्या हजेरीपटावर विसंबू नये. कारखान्याच्या फाटकातून रोज आत जाणाऱ्या, परंतु त्या पटावर नाव नसलेल्या माणसांना वगळून केलेली पाहणी ही तेल-उद्योगातील कर्मचाऱ्यांची पाहणी ठरणार नाही. ती त्यांतील ज्यांच्याजवळ गमावण्यासारखे काही लेखी आहे, अशांचीच पाहणी होईल.