वेल्डरची लेक : नाटकवाली, कवयित्री आणि संपादिका

संपादित कवितासंग्रह हा पुस्तकांचा असा एक प्रकार आहे की त्याकडे सामान्य वाचक फारसे लक्ष देत नाही. दहा-वीस कवींच्या निवडक कविता एका पुठ्ठ्यात बांधतात, वर संपादकाचे नाव छापतात, झाले पुस्तक. पण हेच पुस्तक पुढे शाळा-कॉलेजात लागते, परीक्षेला त्यातलेच कवी येतात, आणि ज्याचे नाव त्यात नाही तो कवीच नव्हता असे पुढची पिढी धरून चालते. आपल्या वाचकांना हे जास्त सांगायला नको. 'प्रातिनिधिक' म्हणवणाऱ्या किती मराठी संग्रहांत आपल्या वस्त्यांचा प्रतिनिधी औषधालासुद्धा नव्हता! म्हणून तर १९९२ साली अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेला 'पॉयझन्ड ब्रेड' हा दलित साहित्याचा इंग्रजी संग्रह निघाला, त्याचे मोल आपल्याला कळते.

इंग्लंडमध्ये हेच काम एका बाईने केले आहे. बर्नार्डिन एव्हारिस्टो हे त्यांचे नाव. आज त्या कादंबरीकार म्हणून जगात ठाऊक आहेत. आम्हाला मात्र त्यांच्या कादंबऱ्यांच्या आधीचा आणि कादंबऱ्यांच्या आजूबाजूचा प्रवास आपल्या कुटुंबांपुढे ठेवावासा वाटतो.

१९५९ साली लंडनमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील नायजेरियातून १९४९ साली आलेले, कारखान्यात वेल्डिंगचे काम करणारे. पुढे ते ग्रीनिच भागातून मजूर पक्षाचे नगरसेवकही झाले. आई गोरी इंग्रज, शाळेत शिक्षिका. काळ्या माणसाशी लग्न केले म्हणून आईच्या माहेरी मोठे वादळ उठले. आपल्याकडे आंतरजातीय लग्नानंतर घराघरांत काय होते ते डोळ्यांपुढे आणा म्हणजे झाले. आठ भावंडांत बर्नार्डिन चौथ्या. घर वूलिच भागात, आणि शेजारपाजारची टोळकी घराच्या काचा दगडांनी फोडायची. काच पुन्हा बसवायची, पुन्हा फुटायची. बाप त्या पोरांच्या मागे धावायचा.

अशा घरातली मुलगी बाराव्या वर्षी वस्तीतल्या मुलांच्या नाट्यशाळेत जाऊ लागली. तिथे तिला रंगमंचाची गोडी लागली. पुढे १९७९ ते १९८२ ही तीन वर्षे रोज ब्रुफर्ड या नाट्यविद्यालयात शिक्षण झाले. शिक्षण पुरे झाले, पण काम कुठे होते? इंग्लंडच्या रंगभूमीवर काळ्या बाईला कोणी भूमिकाच लिहीत नव्हते. फार तर मोलकरीण किंवा नर्स. मग पॅट्रिशिया हिलेर आणि पॉलेट रँडल या दोन वर्गमैत्रिणींना घेऊन त्यांनी १९८२ साली स्वतःची नाटकमंडळी काढली : 'थिएटर ऑफ ब्लॅक विमेन', म्हणजे काळ्या स्त्रियांची रंगभूमी.

इथे 'फ्रिंज' हा शब्द समजून घ्यावा लागेल. फ्रिंज म्हणजे कापडाची कडेची झालर. मोठ्या, गाद्यांच्या खुर्च्यांच्या नाट्यगृहांबाहेर, दारूच्या गुत्त्यावरच्या खोलीत, समाजमंदिरात, शाळेच्या हॉलमध्ये जी नाटके होतात ती फ्रिंजची नाटके. पैसा नाही, नेपथ्य नाही, प्रेक्षक थोडे. आमच्या आजोबांच्या पिढीने कंदिलाच्या उजेडात आंबेडकरी जलसे पाहिले, भीमराव कर्डकांची पार्टी गावोगाव हिंडली, तेव्हा त्यांना कोणते नाट्यगृह मिळाले होते? ज्याला मुख्य रंगमंच नाकारला जातो तो चौकातच उभा राहतो. लंडनमध्येही तेच झाले.

या मंडळीसाठी एव्हारिस्टोबाई नाटके लिहीत, त्यांत कामही करीत. १९८३ च्या 'सिलुएट' या नाटकात आजच्या लंडनमधली मिश्रवंशीय मुलगी आणि दोनशे वर्षांपूर्वी फाशी दिलेली गुलाम स्त्री समोरासमोर येतात. हे संवाद बोलण्यातल्या गद्यात नव्हते, कवितेत होते. नाटकवालीची कवयित्री कशी झाली असे जे विचारतात त्यांना उत्तर इथेच मिळते. त्यांनी कविता नंतर धरलेली नाही, ती पहिल्यापासून नाटकाच्या पोटात होती. याच मंडळीने १९८६ साली जॅकी के या तरुण मुलीचे नाटक केले. त्या जॅकी के २०१६ ते २०२१ या काळात स्कॉटलंडच्या राष्ट्रकवी होत्या! कडेच्या रंगभूमीवर कोण उभे असते हे मधल्यांना वेळेवर कळत नाही.

ही मंडळी सरकारी अनुदानावर तगून होती. ते मिळेनासे झाले आणि १९८८ साली पडदा पडला. सहा वर्षांचे काम होते. चळवळीतल्या आपल्या कार्यकर्त्यांनी अशी किती मंडळे बंद पडताना पाहिली असतील. पुष्कळ माणसे तिथेच थांबतात, आणि त्यांना दोष द्यावा असेही नाही, कारण घरभाडे कोणाला चुकले आहे?

एव्हारिस्टोबाई थांबल्या नाहीत. १९९४ साली 'आयलंड ऑफ अब्राहम' हा त्यांचा पहिला कवितासंग्रह लीड्सच्या पीपल ट्री प्रेस या छोट्या प्रकाशनाने काढला. हे प्रकाशन कॅरिबियन आणि काळ्या लेखकांची पुस्तके काढते. त्याचे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे. नंतर त्यांनी स्वतःच्या घराण्याची कथा हाती घेतली. दोनएकशे पाने गद्यात लिहिली, ती मनाला पटेनात, सरळ टाकून दिली आणि सगळे पुन्हा कवितेत लिहिले. ती 'लारा' ही काव्यकादंबरी १९९७ साली निघाली. नायजेरियन माणसाचे आडनाव पोर्तुगीज कसे, याचा शोध त्यात लागतो. पूर्वजांना गुलाम म्हणून ब्राझीलला नेले होते, तिथून कोणी परत लागोसला आले, येताना मालकाच्या मुलखातले आडनाव घेऊन आले. नावात इतिहास कसा गाडलेला असतो हे आपल्याइतके कोणाला कळणार?

२००१ सालच्या 'द एम्परर्स बेब' मध्ये त्यांनी इ. स. २११ मधल्या रोमन लंडनमध्ये एक सुदानी मुलगी उभी केली. काळी माणसे इंग्लंडात काल-परवा आली असे म्हणणाऱ्यांना हे कवितेतले उत्तर आहे. नंतर कादंबऱ्या आल्या, त्यांची यादी इथे देत नाही.

आता मुख्य गोष्ट. स्वतःचे नाव झाल्यावर या बाईंनी मागे वळून मोजले. इंग्लंडमधली मोठी प्रकाशने जे कवितासंग्रह काढतात, त्यांत काळ्या आणि आशियाई कवींचे किती? त्यांच्या पुढाकाराने २००५ च्या सुमारास 'फ्री व्हर्स' नावाचा अहवाल तयार झाला. आकडा निघाला एक टक्क्याहून कमी. ज्या लंडनच्या रस्त्यावर दर चार पावलांवर निराळ्या देशाचा माणूस भेटतो, त्या देशाच्या कवितेत शंभरात एकही नाही! अन्यायाची नुसती तक्रार केली की लोक म्हणतात, तुम्ही चिडखोर आहात. आकडा समोर ठेवला की निदान ऐकावे तरी लागते. बाबासाहेबांच्या ग्रंथांतली कोष्टके ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल.

अहवाल कपाटात पडून राहिला नाही. 'द कम्प्लीट वर्क्स' नावाची योजना निघाली. दहा कवी निवडायचे, प्रत्येकाला एक जाणता कवी गुरू म्हणून द्यायचा, आणि शेवटी त्यांचा एकत्र संग्रह काढायचा. २०१० साली एव्हारिस्टोबाई आणि पंजाबी घरातले कवी दलजित नागरा यांनी संपादित केलेला 'टेन' हा संग्रह ब्लडअॅक्स प्रकाशनाने काढला. त्यात बांगलादेशातून आलेले मीर महफूज अली होते. तिथल्या युद्धविरोधी निदर्शनात पोलिसांची गोळी त्यांच्या गळ्याला लागली, तेव्हापासून त्यांचा आवाज कुजबुजल्यासारखा निघतो. त्यात रॉजर रॉबिन्सन होते. ग्रेनफेल टॉवर या लंडनच्या गरिबांच्या इमारतीला २०१७ साली आग लागून माणसे जळाली, त्यावर त्यांनी कविता लिहिल्या, आणि त्या संग्रहाला २०१९ चे टी. एस. एलियट पारितोषिक मिळाले. तो संग्रह काढला होता त्याच पीपल ट्री प्रेसने!

पहिल्या दहांतल्याच कॅरन मॅकार्थी वुल्फ यांनी २०१४ आणि २०१७ चे पुढचे दोन 'टेन' संपादित केले. आम्हाला यात सर्वांत जास्त आवडले ते हेच. खुर्चीला चिकटून न राहता काम शिष्येच्या हाती दिले. आपल्या संस्थांतल्या कारभाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचले तरी आमची हरकत नाही. तीन फेऱ्यांत मिळून तीस कवी झाले.

आफ्रिकेतल्या कवींसाठी त्यांनी २०१२ साली एक पारितोषिकही सुरू केले. दहा कविता पाठवायच्या, पुस्तक निघालेले असण्याची अट नाही. पहिले २०१३ साली मिळाले ते वॉरसन शायर या सोमाली वंशाच्या मुलीला. ते पारितोषिक आता एव्हारिस्टोबाईंच्याच नावाने ओळखले जाते.

२०१९ साली 'गर्ल, वुमन, अदर' या कादंबरीला बुकर पारितोषिक मिळाले, मार्गारेट अॅटवुड यांच्यासह विभागून. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. वय साठ. या कादंबरीतले पहिलेच पात्र अम्मा हे कडेच्या रंगभूमीवर आयुष्य काढलेली नाटककार आहे, आणि तिचे नाटक अखेर नॅशनल थिएटरच्या मोठ्या मंचावर लागते. पण गंमत पाहा, थोड्याच दिवसांनी बी.बी.सी.च्या एका निवेदकाने या पारितोषिकाचा उल्लेख करताना अॅटवुड यांचे नाव घेतले आणि यांना 'दुसरी एक लेखक' म्हणून उडवून लावले. नंतर बी.बी.सी.ने माफी मागितली. साठ वर्षांनी बुकर घेतले तरी नाव गाळले जाते, मग एक टक्का कसा झाला असेल याचे नवल राहत नाही.

२०२१ च्या अखेरीस १८२० साली स्थापन झालेल्या रॉयल सोसायटी ऑफ लिटरेचरच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. त्या काळात संस्थेने सभासदत्वाची दारे रुंद केली, तेव्हा काही जुन्या मंडळींनी दर्जा घसरल्याची ओरड केली. राखीव जागांच्या वेळी 'गुणवत्ता' नावाचे जे भूत आपल्याकडे उठवतात, त्याचे इंग्रजी भावंड म्हणायचे.

२०२५ साली विमेन्स प्राइझ या संस्थेने त्यांना एकूण कार्यासाठी एक लाख पौंडांचे पारितोषिक दिले. ही रक्कम इतर लेखकांच्या उपयोगासाठी देणार असल्याचे त्यांनी जाहीर केले. 'मॅनिफेस्टो' हे त्यांचे २०२१ चे आत्मकथन सोप्या इंग्रजीत आहे. घरात कॉलेजला जाणारे कोणी असेल तर त्याने ते मागवावे आणि आई-वडिलांना संध्याकाळी मराठीत सांगावे. वेल्डिंगचे काम करणाऱ्या बापाची पाने आधी सांगावीत.