इकोच्या रिपोर्टमधला आकडा

हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे आपण सारे ज्याला 'टू डी इको' म्हणतो ती तपासणी, कोल्हापूरकरांना आता नवी राहिलेली नाही. शहरात ती ठिकठिकाणी होते आणि तालुक्याच्या गावीही ठरावीक वारी हृदयरोगतज्ज्ञ येऊन इको करून जातात. तपासणी रुळली, पण तिचा रिपोर्ट काही रुळला नाही. इंग्रजीत टाईप केलेल्या दोन पानांतून रुग्णाच्या नातेवाइकांना नेमकी एकच ओळ सापडते : 'ई. एफ. ३० टक्के.' मग घरात रडारड सुरू होते. "डॉक्टर, हृदय तीसच टक्के राहिलंय म्हणे. म्हणजे सत्तर टक्के गेलं?" असे विचारणारे माझ्याकडे नेहमी येतात. एका गृहस्थांनी तर या आकड्याच्या धसक्याने जमिनीच्या वाटण्या करून टाकल्या. याउलट 'साठ टक्के' वाचून शंभरातले चाळीस कमी पडले म्हणून कष्टी झालेल्या एका शिक्षिका मला आठवतात. त्यांचे हृदय उत्तम होते.

मी स्वतः इको करीत नाही. ते तज्ज्ञांचे काम. पण रिपोर्ट घेऊन रुग्ण शेवटी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडेच येतो, त्यामुळे तो उलगडून सांगण्याचे काम आम्हा फॅमिली डॉक्टरांच्या वाट्याला येते. आज तेच करू.

प्रथम हा आकडा. हृदयाचे चार कप्पे असतात. त्यांपैकी डावीकडचा खालचा कप्पा, म्हणजे डावी जवनिका, साऱ्या शरीराला रक्त पुरवितो. निरोगी माणसात दर ठोक्याआधी त्यात सुमारे १२० मिलिलिटर रक्त भरते, साधारण चहाच्या एका कपाएवढे. कप्पा आकुंचन पावला की त्यातले सुमारे ७० मिलिलिटर बाहेर फेकले जाते, बाकीचे आतच राहते. १२० पैकी ७० म्हणजे झाले ५८ टक्के. हीच ती ई. एफ. निरोगी हृदयातही ती साधारण ५५ ते ७० च्या दरम्यान असते. शंभर टक्के कोणाचीच नसते, हिंदकेसरी पैलवानाचीही नाही. चाळीस किंवा त्याखाली आली की हृदयाचा स्नायू अशक्त झाला असे म्हणतात. एक्केचाळीस ते एकोणपन्नास ही मधली पायरी.

आता तीस टक्केवाल्याचा हिशेब पाहा. अशक्त झालेले हृदय बहुधा फुगते. १२० ऐवजी २०० मिलिलिटर रक्त त्यात मावू लागते. त्याच्या तीस टक्के म्हणजे ६० मिलिलिटर. म्हणजे शरीराला दर ठोक्याला ७० च्या जागी ६० मिळतात. म्हणूनच हा माणूस कट्ट्यावर बसून गप्पा मारताना अगदी धडधाकट दिसतो आणि जोतिबाच्या पायऱ्या चढू लागला की चौथ्या-पाचव्या पायरीवर धापा टाकतो. बसल्या जागेपुरते भागते, जादा मागणी आली की हृदयाला ती पुरवता येत नाही. 'हार्ट फेल्युअर' या भयंकर नावाचा अर्थ हृदय बंद पडले असा नसून एवढाच आहे, की गरजेइतके रक्त पुरविणे त्याला जमत नाही किंवा जमवताना फुप्फुसांत आणि पायांत पाणी साठू लागते.

जहाजाच्या कारखान्यातून दवाखान्यात

या तपासणीचा जन्म कोल्हापूरच्या कारखानदारांना आपलासा वाटेल असा आहे. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ओतलेल्या कास्टिंगच्या पोटात पोकळी किंवा तडा राहिला आहे का, हे न फोडता पाहण्यासाठी अल्ट्रासॉनिक टेस्टिंग करतात. धातूत ध्वनिलहरी सोडायच्या आणि कुठून प्रतिध्वनी येतो ते पाहायचे. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. हृदयाची झडप आकसलेल्या रुग्णांपैकी शस्त्रक्रिया कोणावर करावी, हे छाती न उघडता ठरविण्याचा मार्ग ते शोधत होते. हेल्मुट हर्ट्झ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाशी त्यांची गाठ पडली. हर्ट्झ यांनी माल्मो शहरातील जहाजबांधणीच्या कारखान्यातून धातू तपासण्याचे असेच एक यंत्र उसने आणले आणि ते छातीवर लावून पाहिले. २९ ऑक्टोबर १९५३ रोजी धडधडत्या हृदयाच्या हालचालीची पहिली नोंद झाली. (ध्वनिलहरी ज्या 'हर्ट्झ'मध्ये मोजतात ते नाव ज्यांच्यावरून पडले, त्या हाइनरिश हर्ट्झ यांच्याच घराण्यातले हे हेल्मुट.) १९७७ साली या दोघांना अमेरिकेचा प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

आजच्या यंत्राचे तत्त्व तेच आहे, फक्त चित्र आता पडद्यावर हलताना दिसते. रक्त कोणत्या दिशेने आणि किती वेगाने वाहते हे रंगांत दाखविणारी जोड त्याला मिळाली, ती 'डॉप्लर'. फाटकातून आगगाडी पुढे निघून गेली की तिच्या शिट्टीचा सूर बदलतो ना, तीच युक्ती. हे तत्त्व ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ मध्येच मांडले होते.

तपासणीत क्ष-किरण नसतात, सुई नसते. नेहमीच्या इकोला उपाशी राहावे लागत नाही. डाव्या कुशीवर झोपवून छातीला जेली लावतात, कारण या लहरी हवेतून नीट जात नाहीत आणि जेली मधली हवा काढून टाकते. याच कारणाने वर्षानुवर्षे विड्या ओढून ज्यांची फुप्फुसे हवेने फुगली आहेत त्यांचे चित्र धूसर येते. फार स्थूल व्यक्तींचेही तसेच. स्त्रियांनी संकोच करू नये. सोबत घरातली बाई किंवा परिचारिका असावी असे सांगण्याचा त्यांना हक्क आहे. संकोचापोटी इको टाळलेल्या आणि नंतर पायाला सूज घेऊन आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

आकड्यापलीकडे

माझा आग्रह असा, की रिपोर्टमधली ई. एफ. वाचून तिथेच थांबू नये. नदीवरच्या पाणीपुरवठा योजनेचे उदाहरण घ्या. शेताच्या शेवटच्या टोकाला पाणी कमी येते. दोष कुठे? मोटार अशक्त असेल, व्हॉल्व्ह गळत असेल किंवा पाइप तुंबला असेल. पाणी कमी येते एवढ्यावरून कोणी मोटार बदलीत नाही. इकोचे खरे मोल हृदय 'का' थकले ते सांगण्यात आहे.

हृदयाच्या भिंतीचा एकच भाग हलत नसेल आणि बाकीचे भाग नीट हलत असतील, तर तिथे पूर्वी हार्ट अॅटॅक येऊन गेला असावा असा संशय बळावतो. मधुमेहींना तो कधीकधी कळतसुद्धा नाही, अपचन म्हणून सोडा पिऊन निभावलेला असतो. सगळ्याच भिंती सारख्या मंद असतील तर कारण वेगळे : दीर्घकाळची दारू, विषाणूचा संसर्ग, कर्करोगावरील काही औषधे किंवा बाळंतपणाच्या सुमारास होणारा हृदयस्नायूचा आजार. शेवटच्या आजाराबद्दल जरा थांबून सांगतो. नुकत्याच बाळंत झालेल्या मुलीला रात्री आडवे पडवत नाही, धाप लागते, आणि घरातली मंडळी 'ओली बाळंतीण आहे, अशक्तपणा असणारच' म्हणतात. अशा वेळी इको करण्यात एक दिवसही घालवू नये. वेळीच उपचार मिळाले तर यातल्या पुष्कळ जणींची हृदये पूर्ववत होतात.

भिंती जाड झालेल्या दिसल्या तर बहुधा वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेला रक्तदाब. लहानपणी सांधे सुजून ताप आलेल्यांच्या झडपा आकसलेल्या किंवा गळक्या सापडतात. अशक्त कप्प्याच्या टोकाला रक्त साकळून गुठळी झाली असेल तर तीही दिसते आणि मग रक्त पातळ ठेवणारे औषध द्यावे लागते, नाहीतर ती मेंदूत जाऊन अर्धांगवायू व्हायचा.

गळक्या झडपेत तर ई. एफ. चक्क फसवते. कप्पा साठ टक्के रक्त फेकतो खरा, पण त्यातले काही पुढे न जाता उलटे फुप्फुसांकडे जाते. आकडा सुंदर, रुग्ण धापा टाकतोय. जाड भिंतीच्या हृदयाचेही तसेच. आतली जागा आक्रसून ८० मिलिलिटरच उरली, तर साठ टक्क्यांनीही ४८ मिलिलिटरच पुढे जाते. वर तीस टक्केवाल्याला ६० मिळत होते, हे आठवा. म्हणून ई. एफ. चांगली असूनही हार्ट फेल्युअर असू शकते. वयस्क, रक्तदाब व मधुमेह असलेल्या स्त्रियांत ते पुष्कळदा आढळते. 'इको नॉर्मल आहे, मनाचा खेळ आहे' म्हणून अशा आजींची बोळवण करू नये.

एक गैरसमज मात्र सपशेल काढून टाका. इकोत हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले 'ब्लॉकेज' दिसत नाहीत. इको उत्तम असूनही ब्लॉकेज असू शकतात. चालताना छातीत दडपण येत असेल तर त्याचा तपास वेगळा.

हा आजार आपल्याकडे लवकर गाठतो. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात २०१३ साली हार्ट फेल्युअरने रुग्णालयात दाखल झालेल्या १२०५ रुग्णांची नोंद ठेवली गेली. त्यांचे सरासरी वय ६१ च्या आसपास निघाले आणि चारांतल्या जवळजवळ तिघांत मूळ कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार हे होते.

पुन्हा इको केव्हा?

दर महिन्याला इको करून घेणारे हौशी रुग्ण आहेत. त्याचा उपयोग नाही. ई. एफ. ही डोळ्याने रेषा आखून काढलेली मोजणी आहे. दोन डॉक्टरांत, किंवा एकाच डॉक्टरच्या दोन वेळांत, पाच-सात टक्क्यांचा फरक सहज पडतो. तीसची चौतीस झाली म्हणून पेढे नकोत, अठ्ठावीस झाली म्हणून धसका नको. औषधे सुरू करून ती पुऱ्या मात्रेपर्यंत नेल्यावर सुमारे तीन महिन्यांनी केलेला इको महत्त्वाचा. तेव्हाही ई. एफ. ३५ किंवा त्याखाली राहिली, तर काही रुग्णांना ठोके बिघडताच आतूनच शॉक देणारे यंत्र बसवावे का, याचा विचार तज्ज्ञ करतात. मध्येच त्रास वाढला तर गोष्ट वेगळी.

आणि औषधांनी फरक पडतो, पुष्कळ पडतो. आज चार प्रकारची औषधे एकत्र दिली जातात. त्यांतले एक तर मूळचे मधुमेहाचे, ते मधुमेह नसलेल्यांच्या अशक्त हृदयालाही उपयोगी पडते असे २०१९ मध्ये सिद्ध झाले. अठ्ठावीस टक्क्यांवरून पन्नासवर आलेले माझे रुग्ण आहेत, शेतावर जातात, रंकाळ्याला फेऱ्या मारतात.

खरा धोका इथेच सुरू होतो. राधानगरीकडच्या एका शेतकऱ्याची ई. एफ. पन्नास झाली. 'आता बरा झालो' म्हणून त्याने गोळ्या बंद केल्या. महिन्याचे पैसे वाचतात, हेही कारण होतेच, ते मी नाकारीत नाही. पाचव्या महिन्यात तो दोन्ही पाय सुजवून, तीन उशा घेऊन बसल्या बसल्या झोपू लागला. हे त्याच्या एकट्याचे नशीब नव्हते. लंडनमध्ये याची रीतसर चाचणी झाली आणि २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष आले. हृदय फुगण्याच्या आजारातून सावरलेले ५१ रुग्ण त्यात होते. सगळ्यांची ई. एफ. सुधारलेली, कोणालाच त्रास नाही. त्यांतल्या २५ जणांची औषधे देखरेखीखाली हळूहळू बंद केली. सहा महिन्यांत ११ जणांचे हृदय पुन्हा बिघडू लागले. औषधे चालू ठेवलेल्या २६ जणांत एकाचेही नाही. म्हणजे पन्नासचा आकडा गोळ्यांच्या आधारावर उभा असतो, आधार काढला की पुष्कळांचा खाली येतो. गोळ्यांचा खर्च झेपत नसेल तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. स्वस्त पर्याय असतात, सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयातही चौकशी करावी. परस्पर गोळी सोडू नये.

इकोला जाताना जुना रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. आधीच्याशी ताडून पाहिल्याशिवाय नव्या आकड्याला अर्थ नाही. शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच डॉक्टरांकडे करावा. दोन इकोंच्या मधल्या काळात घरचा वजनकाटा पुरतो. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करून कॅलेंडरवर लिहावे. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते मांस नव्हे, पाणी आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आणि आदल्या दिवशी लोणचे, पापड किंवा तांबड्या रश्श्याच्या चार वाट्या झाल्या असतील तर तेही न लपवता सांगावे.